पागाचे मणी
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील संधी’ असा विषय छापलेला आहे. तो मी काल रात्री संयोजकांना विचारून बदलला. त्या संधींबद्दल मोबाइलवर रोज कोणी ना कोणी सांगतच असतं. मला आज शिशाबद्दल बोलायचं आहे. पेन्सिलीतल्या शिशाबद्दल नव्हे, पागाच्या शिशाबद्दल.

पेन्सिल निघालीच आहे, तर तो विषय आधी मिटवून टाकू. शिसपेन्सिलीत शिसं नसतं. आत असतं ते ग्राफाइट, म्हणजे कार्बन. पूर्वीच्या लोकांना तो शिशाचाच प्रकार वाटला आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. त्यामुळे गणिताच्या तासाला ज्यांनी पेन्सिलीची टोकं चघळली त्यांनी निर्धास्त असावं. गणित कच्चं राहिलं असेल तर कारण दुसरं शोधा. (हशा)

खरं शिसं आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात होतं, ते पडवीत खुंटीला टांगलेलं. मागच्या रांगेत मुंबई-पुण्याला वाढलेली मुलं बसली आहेत, त्यांच्यासाठी सांगते. पाग म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं. खाडीत गुडघाभर पाण्यात उभं राहायचं, जाळ्याचा काही भाग खांद्यावर, काही हातात घ्यायचा आणि कमरेतून गिरकी घेऊन असं फेकायचं, की हवेत ते छत्रीसारखं पूर्ण उघडलं पाहिजे. पाण्यावर पडलं की त्याच्या कडेला ओवलेले शिशाचे मणी चहूबाजूंनी एकदम तळाला जातात आणि बोय आत सापडते. मणी हलके असतील तर जाळं तळाला पोचेपर्यंत बोय निसटून गेलेली असते. बोयीला आपल्या अडचणींशी काही देणंघेणं नसतं.

आमच्या बाबांच्या पागाचा घेर साधारण सोळा मीटर. दर चार बोटांवर एक मणी. म्हणजे सव्वादोनशेच्या आसपास मणी. एक मणी सोळा ग्रॅमचा धरला तर साडेतीन किलोच्या वर शिसं. दगडांत अडकून, दोरी कुजून दर वर्षी वीस-पंचवीस मणी खाडीला जायचे. ते बाजारात मिळत नव्हते असं नाही, पण आपल्याकडे विकत घ्यायची वस्तू आणि घरी करायची वस्तू यांच्यातली सीमारेषा खूप वर होती. मणी घरी करायच्या बाजूला पडत.

त्यासाठी लागायचा साचा, आणि तो होता लाकडाचा. या साच्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण इंजिनिअरिंगला चार वर्षं काढूनही इतकी सुटसुटीत रचना मी फार वेळा पाहिलेली नाही.

सागाचे दोन ठोकळे, प्रत्येकी वीतभर लांब. एकमेकांना लागणारी बाजू रंधा मारून अशी सपाट केलेली, की उन्हाकडे धरलं तर फटीतून उजेड दिसता कामा नये. दोन्ही ठोकळे दोरीने घट्ट आवळायचे आणि मग जोडावरच, बरोबर रेघेवर, वरून गिरमिटाने भोकं पाडायची. एका ओळीत पाच. दोरी सोडली की प्रत्येक ठोकळ्यावर अर्धी अर्धी पन्हळ तयार! दोन्ही अर्धी सारखी येतील का, ही चिंताच नाही. ती एकाच भोकाची दोन अर्धी आहेत. ठोकळे पुन्हा त्याच जागी बसावेत म्हणून दोन्ही टोकांना लाकडी खुंट्या. मण्याला आरपार भोक हवं, त्यासाठी प्रत्येक पन्हळीच्या मधोमध खालून एक खिळा. खिळा कानशीने घासून वरच्या बाजूला किंचित निमुळता केलेला. तो तसा का, हे मला फार उशिरा कळलं. शिसं घट्ट होताना आकसतं, तीन-साडेतीन टक्के. आकसताना ते साच्याच्या भिंतीपासून सुटतं, म्हणून मणी बाहेर सहज पडतो. पण तेच आकसणं मधल्या खिळ्याला आवळून बसतं. खिळा सरळ असता तर दर मण्यामागे पकडीने झटापट करावी लागली असती. बाबांना टक्के माहीत नव्हते. त्यांना झटापट माहीत होती.

आता मुलांना एक प्रश्न. शिसं वितळतं ३२७ अंश सेल्सिअसला. ओतताना ते त्याहून गरम असतं. लाकूड तर त्याच्याही आधी करपायला लागतं. मग हा साचा जळून का जात नाही?

हा प्रश्न मला माझ्या भाच्याने विचारला, तो सातवीत आहे. गेल्या मे महिन्यात घराच्या कौलांचं काम निघालं, माळा रिकामा केला, तेव्हा बाबांचा साचा खाली आला. आतून काळाकुट्ट, खुंट्या शाबूत. “आत्या, हे काय?” झालं, मग “आपण ओतूया?” झालं. मी म्हटलं, आधी गणित करू, ओतायचं मग बघू. तर गणित असं. सोळा ग्रॅम शिसं साडेतीनशे अंशांवरून खोलीच्या तापमानाला येताना किती उष्णता बाहेर टाकतं? घट्ट होताना ग्रॅमला २३ ज्यूल, आणि निवताना दर अंशाला ग्रॅममागे ०.१३ ज्यूल. सगळं मिळून हजार ज्यूलच्या आसपास. हजार हा आकडा मोठा वाटतो, पण एवढ्या उष्णतेत आपला एक कटिंग चहा, शंभर मिलिलिटर, अडीच अंशांनीसुद्धा तापत नाही. शिसं वजनाला भारी आणि उष्णतेला अगदी कंजूष. पाण्याला एक अंश तापायला जेवढी उष्णता लागते, तिच्या बत्तिसाव्या हिश्शात तेवढंच शिसं एक अंश तापतं. लाकूड जळावं एवढी पुंजी त्याच्याकडे नसते. ते पृष्ठभागावर कोळशाचा पातळ थर करतं आणि थंड होतं. पुढच्या वेळी तोच थर अस्तराचं काम करतो. म्हणून नव्या साच्याचे पहिले काही मणी बुडबुड्यांनी खरबरीत येतात, कारण लाकडातला ओलावा आणि वायू बाहेर पडत असतात, आणि मग साचा सुधारत जातो. शे-दोनशे मण्यांनंतर कोळसा खिरायला लागतो, कडा बोथट होतात. तेव्हा नवे दोन ठोकळे घ्यायचे. आणि हे सगळं लहान मण्यांपुरतंच खरं आहे. अर्ध्या किलोचं वजन लाकडात ओतलंत तर ते लाकडाला धूर आणि आग दोन्ही दाखवेल.

तापमान मोजायला थर्मामीटर कुठला? एक सुकी काडी. वितळलेल्या शिशात बुडवून काढली की ती करपून तपकिरी झाली पाहिजे, पेटता कामा नये. पेटली तर कढई चुलीवरून उतरवायची. मेणबत्तीचा तुकडा टाकायचा, भपकन जाळ व्हायचा आणि वर धरलेली राखाडी साय वेगळी व्हायची. ती पळीने काढून बाजूला टाकायची. ही साय लक्षात ठेवा, तिच्याकडे मी परत येणार आहे.

आणि पाणी. या कामात एकच गोष्ट मी बाबांना ओरडून सांगताना ऐकली आहे: ओल्या हाताने जवळ येऊ नका. शिशाखाली पाण्याचा थेंब सापडला की त्याची क्षणात वाफ होते, आकारमान सोळाशे-सतराशे पट होतं आणि वरचं शिसं तोफेसारखं उडतं. म्हणून हे काम मृगाच्या आधी उरकायचं. जून-जुलैत समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद, जाळी दुरुस्त करायला वेळच वेळ, पण हवेला ओल आणि लाकडालाही. तेव्हा मे महिन्यात अंगणात चूल मांडायची, साचा दोन दिवस उन्हात आणि एक रात्र चुलीच्या उबेला ठेवायचा, मग ओतायचं.

इथपर्यंत मी मजेत बोलते आहे. इथून पुढचं सांगायला मी विषय बदलून घेतला.

शिसं हे विष आहे. हे जगाला नव्याने कळलेलं नाही, पण किती थोडं पुरतं हे गेल्या काही दशकांत नीट कळलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार शिशाची सुरक्षित अशी कुठलीही पातळी माहीत नाही. पोटात गेलेल्या शिशापैकी मोठी माणसं जेवढं शोषून घेतात त्याच्या चार-पाच पट लहान मुलं शोषतात. शरीर त्याला कॅल्शियम समजून फसतं, हाडांत साठवतं आणि वर्षानुवर्षं सांभाळतं. गरोदरपणात बाईची हाडं झिजायला लागली की तेच शिसं रक्तात उतरतं आणि बाळापर्यंत जातं. आहारात लोह किंवा कॅल्शियम कमी असेल तर शोषण आणखी वाढतं, आणि आपल्याकडच्या मुलींच्या रक्तातल्या लोहाची कथा इथल्या डॉक्टर मंडळींना मी सांगायला नको. मुलांमध्ये परिणाम होतो तो मेंदूवर: लक्ष लागत नाही, शिकायला जड जातं, चिडचिड होते. बाहेरून काही दिसत नाही. ‘मूल जरा मठ्ठ आहे’ असं म्हणून आपण मोकळे होतो.

युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थेचा २०२० सालचा अहवाल म्हणतो, की जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात डेसीलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसं आहे. या मुलांचा सर्वांत मोठा आकडा भारतातला. आपण देश म्हणून काही चांगल्या गोष्टी केल्या आहेत. २००० साली पेट्रोलमधलं शिसं देशभर बंद झालं. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत ९० अशी ठरवणारा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. पण पेट्रोल आणि रंग कारखान्यात तयार होतात, तिथे नियम पोचतो. अंगणातल्या चुलीपर्यंत कोण पोचणार?

आता ती साय. पुष्कळांना वाटतं, धोका वाफेचा आहे, वाऱ्याच्या बाजूला उभं राहिलं की झालं. वितळण्याच्या जवळपासच्या तापमानाला शिशाची वाफ खरं तर फार नसते. कढई जास्त तापली तर गोष्ट वेगळी, आणि ती किती तापली हे काडीवरून कळेल तेवढंच कळतं. घरच्या कामात मोठा धोका आहे तो धुळीचा. ती राखाडी साय म्हणजे शिशाचं ऑक्साइड, वाळलं की पिठासारखी पूड. ती अंगणाच्या कडेला, केळीच्या बुंध्याशी, धुण्याच्या दगडाजवळ टाकली जाते. शिसं कुजत नाही, मुरत नाही, जागच्या जागी राहतं. तिथे कोंबड्या टिपतात, तिथे मुलं खेळतात आणि तोच हात तोंडात जातो. मणी दोरीत ओवताना हात राखाडी होतात, त्याच हाताने भाकरी मोडली जाते. बारीक शिसं दोरीवर आवळायला पकड नसली तर लोक चक्क दाताने दाबतात. आणि जुन्या बॅटरीच्या प्लेटी वितळवणं हा तर सगळ्यात वाईट प्रकार. त्या प्लेटी म्हणजे नुसतं शिसं नव्हे. त्यात शिशाचं सल्फेट आणि ऑक्साइड भुकटीच्या रूपात असतं, आम्ल असतं, अँटिमनी असतं. मणी पाच किलो निघाले तर विषारी गाळ किती निघाला, हे कुणी मोजत नाही.

हे जुन्या काळाचं वर्णन आहे असं समजू नका. साचा सापडला त्याच आठवड्यात मी वाडीत दोन घरी गेले होते. एका घरी मणी अंगणात ओतत होते, दुसऱ्या घरी स्वयंपाकघरात, गॅसवर. कढई एकच, धुऊन परत भाजीला घेतात. घर कोणाचं हे विचारू नका, कारण ते कोणाचंही असू शकतं. त्या माणसाला आपण विष शिजवतो आहोत याची कल्पना नाही, जशी बाबांना नव्हती. शिशाला वास नाही, मळमळ नाही, ठसका नाही. लाकूड करपलेलं दिसतं, हात राखाडी झालेला दिसतो, मुलाच्या रक्तातलं शिसं दिसत नाही.

मग मणी कशाचे करायचे? मी भाच्याबरोबर हेही गणित मांडलं. पाण्यात वस्तू हलकी होते हे आर्किमिडीज आपल्याला आठवीत सांगून गेला. शिशाची घनता ११.३४, लोखंडाची ७.८७. पाण्यात शिसं आपल्या वजनातलं ९१ टक्के राखतं, लोखंड ८७ टक्के. फरक वाटतो तेवढा नाही. पाण्यात तेवढाच भार हवा तर लोखंडाचा मणी आकाराने दीडपट लागतो. लांबी तीच ठेवली तर जाडी दहा मिलिमीटरऐवजी सव्वाबारा. भाजलेल्या मातीचा मणी मात्र पाण्यात निम्मा हलका होतो, तो दहापट मोठा करावा लागेल. मातीचे मणी माणसाने हजारो वर्षं जाळ्याला लावले, पण पागाला ते बोजड. तेव्हा लोखंड. खाऱ्या पाण्यात गंजतं, कबूल. जस्ताचा मुलामा दिलेले नट किंवा साखळी घेतली तर बरीच टिकते. गंजलेला नट बदलायचा खर्च आहे, पण तो खर्च दिसतो तरी.

भाच्याला ओतायचंच होतं, तेव्हा त्याने नवा साचा केला. जुन्याला शिसं लागलेलं होतं. माझ्याकडे इलेक्ट्रॉनिक्सच्या कामाचं शिसेविरहित सोल्डर होतं. ते जवळजवळ सगळं कथील, थोडं तांबं, २२७ अंशांना वितळतं. त्याचे पाच मणी आम्ही अंगणात ओतले. पहिले तीन खरबरीत आले, चौथा बरा, पाचवा त्याने शाळेच्या दप्तराला लावला आहे. पागासाठी हा उपाय नाही, कथील फार महाग. सव्वादोनशे मण्यांत जाळं बाजूला राहील आणि दागिना होईल. इंग्लंडमध्ये गळाला लावायच्या लहान शिशाच्या वजनांवर १९८७ पासून बंदी आहे. तीही आधी हंस मरायला लागले म्हणून! हंसांचं भाग्य की ते लोकांच्या डोळ्यांसमोर मेले.

आता मुद्द्याचं. आपल्या तुकडीने जमवलेल्या निधीतून पुढच्या महिन्यात शाळेत आरोग्य शिबिर आहे. हिमोग्लोबिन, डोळे, दात ठरलेलं आहे. माझी विनंती आहे, की खाडीकाठच्या वाड्यांतून येणाऱ्या मुलांची रक्तातल्या शिशाची तपासणी त्यात घ्यावी. नमुना शिरेतून घ्यावा लागतो. बोटातून घेतला तर हातावरचं शिसंच त्यात उतरायचं आणि आकडा खोटा यायचा. नमुने शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवावे लागतील. शिबिराचे डॉक्टर आपल्याच शाळेचे आहेत, त्यांच्याशी माझं बोलणं झालं आहे. पालकांची लेखी संमती लागेल आणि कोणाचा आकडा कोणालाही कळणार नाही, हे मी आधीच सांगून ठेवते. घाबरायचं कारण नाही. औषधाने शिसं काढायची वेळ आकडा ४५च्या वर गेला तर येते. त्याखाली उपचार म्हणजे शिसं कुठून येतंय ते शोधून बंद करणं आणि मुलाच्या ताटात लोह आणि कॅल्शियम वाढवणं.

ज्यांच्या घरी या वर्षीही मणी ओतले जाणारच आहेत, त्यांना ‘ओतू नका’ म्हणून भागणार नाही, हे मला माहीत आहे. त्यांना एवढं तरी सांगा: घराच्या आत नाही. मुलं आणि गरोदर बाई जवळ नको. कढई आणि पळी वेगळी, त्यावर खूण, ती परत स्वयंपाकघरात येता कामा नये. बॅटरीच्या प्लेटी नाहीत. साय पत्र्याच्या डब्यात, झाकण लावून. काम झालं की कपडे वेगळे धुवायचे, जेवायच्या आधी हात साबणाने. खळगा झाडायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचा, आणि तो पुसायचा शिसं पूर्ण थंड झाल्यावर, पाण्याचं काय होतं ते आत्ताच ऐकलंत.

लोखंडी मणी लावलेला एक पाग मी माझ्या धाकट्या भावाकडून करून घेतला आहे. उद्या सकाळी ओहोटीला, साडेसातच्या सुमाराला, धक्क्याखाली तो टाकून बघणार आहोत. ज्यांचा हात अजून बसलेला आहे त्यांनी यावं आणि खरं काय ते सांगावं. माझी गिरकी पहिल्यापासून कच्ची. बाबांचा साचा मी आणला आहे. तो त्या टेबलावर प्लास्टिकच्या बंद पिशवीत आहे, पिशवी न उघडता बघा. शिबिरासाठी स्वयंसेवकांची यादी त्याच्या शेजारीच ठेवली आहे. अजून आठ जण हवे आहेत, त्यातले निदान दोघं वाडीत घरोघरी जाऊन पालकांशी बोलणारे.